टायमिंग किती यायला हवं?

जिल्हा जलतरण स्पर्धेत मी टाइमकीपर असते. जेवणाच्या सुट्टीत हमखास कोणीतरी पालक जवळ येतात. "मॅडम, मुलगा दहा वर्षांचा आहे. पन्नास फ्रीला बेचाळीस येतात. चांगलं आहे ना?" कधी प्रश्न मुलीबद्दल असतो, कधी ब्रेस्टस्ट्रोकबद्दल, पण विचारायचं असतं ते हेच, की या वयाला किती टायमिंग यायला हवं. मला हा प्रश्न कधी उथळ वाटलेला नाही. पहाटे साडेपाचच्या बॅचसाठी पोराला उठवून आणणारा, डिसेंबरच्या गारठ्यात टॉवेल मांडीवर घेऊन बाकावर बसणारा माणूस तो विचारत असतो. "प्रत्येक मूल वेगळं असतं हो" एवढं सांगून त्याला परत पाठवणं मला जमत नाही. त्याला आकडा द्यायला हवा.

म्हणून आधी आकडे. हे कुठल्या संघटनेचे निकष नाहीत. महाराष्ट्रातल्या स्पर्धांमध्ये स्टॉपवॉच हातात धरून जे पाहत आले, त्यातून बनलेला हा माझा अंदाज आहे आणि तो ५० मीटर लांबीच्या तलावातल्या ५० मीटर फ्रीस्टाइलपुरताच आहे. आठ-नऊ वर्षांचं मूल लेनचा दोर न धरता, मध्ये न थांबता मिनिटभरात पलीकडे पोहोचलं, तर त्याचं उत्तम चाललंय. दहाव्या वर्षी, वर्ष-दीड वर्ष नियमित सराव झाला असेल, तर ४० ते ४५ सेकंद; जिल्ह्यात पदकासाठी झुंजणारी मुलं ३५ च्या आसपास किंवा त्याखाली असतात. बाराव्या वर्षी ३२ ते ३५ म्हणजे काळजीचं कारण नाही आणि ३० च्या आत आलेलं मूल राज्यभरातल्या कोचना नावानं माहीत असतं. चौदाव्या वर्षी चांगले मुलगे २७-२८ ला येतात, मुली ३० च्या आसपास; नॅशनलच्या फायनलला उभं राहायचं तर दोघांनाही त्यातून आणखी दोनेक सेकंद काढावे लागतात. सतराव्या वर्षी पदकाची भाषा करायची तर मुलग्यांनी २४ च्या घरात आणि मुलींनी २७ च्या घरात यायला हवं.

झाला तक्ता. पालक तो मोबाइलमध्ये उतरवून घेतात आणि समाधानानं किंवा चिंतेनं निघून जातात. पुढचं ऐकायला त्यांना त्या वेळी सवड नसते, म्हणून ते इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट तलावाची. २५ मीटरच्या तलावात ५० मीटर पोहताना मध्ये एक टर्न मिळतो, १०० मीटरला तीन. प्रत्येक टर्नला भिंतीवर पाय रोवून जो रेटा मिळतो, त्या वेगानं कुठलंही मूल पोहू शकत नाही. म्हणून २५ मीटरच्या तलावातलं टायमिंग नेहमी चांगलं दिसतं. सोसायट्यांमधले तलाव तर ना २५ मीटरचे, ना २० चे. तिथल्या वेळा कशाशीच ताडून पाहू नयेत. दुसरी गोष्ट घड्याळाची. बझर ऐकून बटण दाबायला आम्हा टाइमकीपरांना किंचित उशीर होतो. मुलाचा हात भिंतीला टेकतो तेव्हा मात्र आम्ही आधीच टपून असतो. त्यामुळे हातानं घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक टच पॅडपेक्षा (हात टेकताच वेळ नोंदवणारी भिंतीवरची पट्टी) साधारण पाव सेकंदानं चांगली येते. जिल्ह्याला ३४.८ आलेलं मूल पुढे राज्य स्पर्धेत टच पॅडवर ३५.१ ला आलं, तर ते मागे पडलेलं नसतं. यावरून घरी बोलणी खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत.

आता वयाकडे येते, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

जलतरणात वय धरतात ते स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा कागदावर एकाच वयाचे. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. तेवढ्यात उंची पाच-सहा सेंटिमीटरनं वाढते. त्यात गट दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे केले, की एकाच हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीच्या एकाच शर्यतीत, नुकताच बारा पूर्ण केलेला आणि पंधराव्याच्या उंबऱ्यावरचा असे दोघे शेजारच्या लेनमध्ये येतात. आणि हा झाला नुसता जन्मतारखेचा फरक. शरीराचं वय वेगळंच असतं. उंची सर्वांत झपाट्यानं वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलग्यांमध्ये चौदाव्या. पण तो दोन वर्षं आधी किंवा दोन वर्षं उशिरा येणं हेही अगदी निरोगी असतं. म्हणजे एकाच महिन्यात जन्मलेल्या तेरा वर्षांच्या दोन मुलग्यांच्या हाडा-स्नायूंमध्ये चार वर्षांचं अंतर असू शकतं. स्टार्टिंग ब्लॉकवर ते डोळ्यांना दिसतंच. एकाला मिसरूड फुटलेलं, खांदे भरलेले. दुसरा त्याच्या काखेपर्यंत पोहोचणारा, पाठीची हाडं मोजता यावीत असा. शर्यत संपल्यावर पहिल्याच्या गळ्यात पदक पडतं आणि दुसऱ्याचे वडील विचारतात, "मॅडम, याला टॅलेंट आहे का?"

त्या वडिलांना मी सांगते, घरी भिंतीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलनं खूण करा. मुलाची उंची वाढायची अजून बाकी असेल, तर पदकाचा प्रश्न दोन-तीन वर्षं बाजूला ठेवता येतो. लवकर वाढलेल्या मुलाच्या घरीही तीच खूण उपयोगी आहे, फक्त तिचा अर्थ उलटा. तेराव्या वर्षी सगळ्यांना मागे टाकणारा तो मुलगा सोळाव्या वर्षी सगळ्यांच्याच उंचीचा झालेला असतो आणि तोवर ताकदीवर जिंकत आल्यामुळे त्याच्या स्ट्रोककडे कोणी नीट लक्षच दिलेलं नसतं. सर्वांत जास्त पोहणं सोडणाऱ्यांमध्ये मी अशीच मुलं पाहिली. हरायची सवय नसते आणि हरण्याचं कारण कोणी समजावून सांगत नाही. (जन्मदाखल्यावरची तारीख बदलून मुलाला लहान गटात उतरवणाऱ्यांबद्दल काय बोलावं! त्यात दुसऱ्याच्या मुलाचं पदक जातं, ते आहेच. पण स्वतःच्या मुलाला तुम्ही शिकवता, की त्याच्या खऱ्या वयाचा तो पुरेसा नाही.)

मग फेल्प्सचं काय, असं कोणीतरी म्हणतंच. बरोबर आहे. अमेरिकेचा ऑलिंपिक विजेता मायकेल फेल्प्स यानं १९९५ मध्ये, दहा वर्षांच्या गटात, १०० मीटर बटरफ्लायला १ मिनिट १०.४८ सेकंद नोंदवले होते आणि अमेरिकेत त्या वयोगटाचा तो विक्रम २०१८ पर्यंत, तेवीस वर्षं, टिकला. पंधराव्या वर्षी तो सिडनी ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलला पाचवा आला. लहानपणी वेगवान असलेली काही मुलं मोठेपणीही वेगवान राहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दहाव्या वर्षीच्या यादीत वर असलेली बहुतेक नावं अठराव्या वर्षीच्या यादीत नसतात आणि अठराव्या वर्षीच्या यादीतली बहुतेक नावं दहाव्या वर्षी कोणाला ठाऊक नसतात. आपण फेल्प्सचं नाव घेतो, कारण तो दोन्ही याद्यांत आहे.

लहान वयाचं कौतुक आपल्याकडेही जुनं आहे. आरती साहा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेली, तेव्हा ती ११ वर्षांची होती. तिथे २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या हीटच्या पुढे ती गेली नाही. ज्या कामगिरीनं ती आशियाच्या इतिहासात राहिली, ती म्हणजे इंग्लिश खाडी पार करणं. ते तिनं १९५९ मध्ये केलं, एकोणिसाव्या वर्षी. २०१५ च्या कझान जागतिक स्पर्धेत बहारीनची दहा वर्षांची मुलगी उतरली होती. ५० मीटर बटरफ्लायला तिला ४१.१३ सेकंद लागले आणि ती शेवटची आली. पुण्या-मुंबईच्या एखाद्या चांगल्या क्लबमध्ये त्या वयाच्या अशा मुली सापडतील. दुसऱ्या टोकाला चीनची यू झिदी. २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेत, वयाच्या बाराव्या वर्षी, वैयक्तिक तीन शर्यतींमध्ये चौथी. दोघींपैकी कोणाकडे पाहूनही आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीबद्दल काही ठरवता येत नाही.

मग पाहायचं काय? मी घड्याळाच्या जोडीनं हात मोजते. पन्नास मीटरला मुलानं किती हात मारले? तीच वेळ मागच्या वर्षी ५२ हातांत आली होती आणि यंदा ४६ हातांत आली, तर टायमिंग तिथेच असलं तरी मूल पुढे गेलंय. त्याला पाणी जास्त पकडता येऊ लागलंय. शंभर मीटरच्या शर्यतीत पहिले पन्नास आणि परतीचे पन्नास यांत किती फरक आहे? दहा वर्षांची मुलं बहुधा सुटल्या सुटल्या जीव खाऊन पोहतात आणि परतीला तरंगत येतात. तो फरक कमी होत जाणं मला पदकापेक्षा मोलाचं वाटतं. टर्नला भिंतीपाशी आल्यावर मूल श्वास घ्यायला डोकं वर काढतं, की सरळ आत शिरतं? भिंत सोडल्यावर हात डोक्यावर घट्ट जुळवून शरीर ताणतं, की लगेच हातपाय मारायला लागतं? या गोष्टींना उंची लागत नाही, मिसरूड लागत नाही. दहाव्या वर्षी त्या शिकवता येतात आणि आयुष्यभर उरतात. ज्या कोचना हे ठाऊक असतं, ते लहान मुलांना चारही स्ट्रोक आणि आयएम (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक) पोहायला लावतात, एकाच शर्यतीत पदक मिळतंय म्हणून तीच ती पोहवत नाहीत. अशा कोचचं मूल दहाव्या वर्षी कदाचित पाचवं येतं. पालकांनी तेवढा धीर धरावा, एवढीच माझी विनंती असते.

इथवरचं मुलगे-मुली दोघांनाही लागू आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत दोघांच्या वेळा जवळपास सारख्याच असतात. उलट अकरा-बाराव्या वर्षी मुली पुढेही असतात, कारण त्या आधी वाढतात. मग वाटा वेगळ्या होतात. १०० मीटर फ्रीस्टाइलचा पुरुषांचा जागतिक विक्रम ४६.४० सेकंदांचा, पॅन झानलेचा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला, स्त्रियांचा ५१.७१, सारा शोस्ट्रोमचा, २०१७ मधला. म्हणजे सुमारे अकरा टक्क्यांचा फरक. हा फरक जिथे उगवतो, ती बारा ते पंधरा ही वर्षं. आणि याच वर्षांत आपल्याकडच्या मुली तलावावरून नाहीशा होतात.

टाइमकीपरच्या जागेवरून हे फार स्पष्ट दिसतं. लहान गटातल्या मुलींच्या ५० मीटर फ्रीला हीटमागून हीट सुटत राहते, आमची मनगटं दुखतात. पंधरा ते सतराच्या गटात त्याच शर्यतीला अनेकदा एकच हीट असते आणि तिच्यातल्याही काही लेन रिकाम्या. मधल्या मुली कुठे गेल्या, हा प्रश्न त्या रिकाम्या लेनपाशी उभं राहून पुन्हा पुन्हा पडतो.

माझी भाची त्यांच्यातलीच एक होता होता राहिली. बाराव्या वर्षी १०० मीटर बॅकस्ट्रोक ती १ मिनिट १४ सेकंदांत पोहायची. घरात सगळ्यांना वाटायचं, आता वर्षाला दोन-दोन सेकंद कमी होत जाणार. तेराव्या वर्षी अर्धाच सेकंद कमी झाला. चौदाव्या वर्षी ती १ मिनिट १६ वर गेली. सराव तोच, किंबहुना जास्तच, पहाटेचा आणि संध्याकाळचाही. तक्त्यात पाहिलं तर वर्ष सरतं तसा आकडा खाली यायला हवा. हिचा वर चाललेला. क्लबमधले कोच तिला म्हणाले, वजन वाढलंय, खाणं कमी कर. तिनं रात्रीची पोळी सोडली. मग भात सोडला. माझ्या बहिणीला ती शिस्त वाटली आणि कौतुकही वाटलं.

खरं तर तिच्या बाबतीत जे होत होतं, ते होणारच होतं. या वयात मुलीची कंबर रुंदावते, चरबीचं प्रमाण वाढतं, पाण्याला आडवं जाणारं शरीर मोठं होतं. ते ओढायला लागणारी ताकद मात्र त्याच वेगानं येत नाही. मुलग्यांना त्याच सुमारास स्नायूंची ताकद आयती मिळत जाते. मुलींना ती कमवावी लागते, जमिनीवरच्या व्यायामानं, हळूहळू. हातपाय लांब झाले, की स्ट्रोकची लयही बिघडते. भाड्याच्या घरात सामान नुकतं लावून झालेलं असावं आणि घर बदलायची वेळ यावी, तसं त्या मुलीचं होतं. सगळं पुन्हा नव्यानं लावायचं. त्याला वर्ष लागतं, दीड वर्ष लागतं. या काळात वेळ तिथेच टिकली, तरी ती प्रगती समजावी. नव्या, मोठ्या शरीरानिशी तीच वेळ काढणं सोपं नसतं.

पण भाचीचं एवढंच नव्हतं. तिच्या शर्यतींचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक पन्नास मीटरच्या वेगळ्या वेळा, मी मागवून पाहिले. पहिले पन्नास पूर्वीसारखेच, परतीचे पन्नास कोसळलेले. वेग होता, दम नव्हता. मी बहिणीला म्हटलं, ताई, हिचं रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन दहाच्याही खाली निघालं. पाळी सुरू झालेली, अंगावरून बरंच जायचं, वरून जेवण तोडलेलं आणि दिवसाला दोन वेळा सराव. फुप्फुसांनी घेतलेला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचवायला रक्तात लोहच नाही, तर शेवटचे पंचवीस मीटर ती काय पोहणार? डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पोळी-भात परत ताटात आला.

हे एकट्या तिचंच नाही, म्हणून सांगतेय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. निम्म्याहून जास्त! आपल्या तलावांवरच्या मुली याच घरांतून येतात. तरीही टायमिंग अडलं, की आपण आधी मेहनतीवर शंका घेतो, मग वजनावर, मग मोबाइलवर. रक्ताची साधी तपासणी सगळ्यात शेवटी सुचते. खेळाडू मुलीचं खाणं सरावाला पुरत नसेल, तर शरीर काटकसर करायला लागतं. पाळी लांबते, कधी बंद होते, हाडं ठिसूळ होतात. स्पर्धेच्या हंगामात पाळी बंद झाली म्हणजे कटकट गेली, असं म्हणणाऱ्या आया मला भेटल्या आहेत. ती कटकट गेलेली नसते. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, तर तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं.

आणि पाळीबद्दल बोलायचं कोणाशी? बहुतेक कोच पुरुष. मुली "पोट दुखतंय" सांगून बाकावर बसतात, महिन्याचे चार-पाच दिवस पाण्याबाहेर जातात आणि वर्षाचा हिशेब केला तर जवळजवळ दोन महिन्यांचा सराव बुडतो. पॅड पाण्यात उपयोगाचं नाही. टॅम्पॉन किंवा कप याबद्दल घरात धास्ती असते, आणि तेरा वर्षांच्या मुलीला ते समजावून सांगणारी मोठी बाई तलावावर नसते. पांढऱ्या टाइल्सच्या कडेवर, सगळ्यांच्या देखत, ओल्या स्विमसूटमध्ये उभं राहायचं आणि मनात एकच भीती घेऊन बझरची वाट पाहायची. त्या अवस्थेत तिचा डाइव्ह उशिरा सुटला, तर घड्याळ तेवढंच टिपतं, कारण टिपत नाही.

जगातल्या मोठ्या जलतरणपटूंकडे पाहतानाही मी आता हीच वर्षं शोधते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये जपानची क्योको इवासाकी २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकली, तेव्हा तिचा चौदावा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. चार वर्षांनी अटलांटात तिला पदक मिळालं नाही. हंगेरीची क्रिस्तिना एगरसेगीही १९८८ च्या सोलमध्ये चौदाव्या वर्षी २०० मीटर बॅकस्ट्रोक जिंकली होती. तिनं मात्र तीच शर्यत १९९२ ला आणि १९९६ लाही जिंकली. चौदाव्या वर्षी दोघी ऑलिंपिक विजेत्या होत्या. त्या दिवशीच्या वेळेवरून पुढचं कोणाला सांगता आलं असतं?

अमेरिकेच्या केटी लेडेकीचे आकडे तर मला तोंडपाठ आहेत. लंडन, २०१२, वय १५, ८०० मीटर फ्रीस्टाइल, ८ मिनिटे १४.६३ सेकंद. रिओ, २०१६, वय १९, ८ मिनिटे ०४.७९. चार वर्षांत जवळजवळ दहा सेकंद. त्यानंतर स्वतःचा हा विक्रम मोडायला तिला २०२५ चा मे महिना उजाडावा लागला, ८ मिनिटे ०४.१२. जवळजवळ नऊ वर्षं आणि ०.६७ सेकंद. मधल्या काळात तिनं हीच शर्यत टोकियोला आणि पॅरिसला जिंकली, म्हणजे सलग चार ऑलिंपिक. जगातली सर्वोत्तम स्त्री नऊ वर्षं एका आकड्यापाशी पोहत राहिली आणि कोणी तिला 'संपली' म्हणालं नाही. आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला आपण नऊ महिने देत नाही.

ते न देण्याचं एक कारण दहावी. मुलीच्या टायमिंगला लागलेलं हे ग्रहण नेमकं आठवी-नववीत येतं आणि सुटण्याच्या आत दहावीचं वर्ष उभं राहतं. मुलगा असेल आणि टायमिंग उतरत असेल, तर घर म्हणतं, सकाळची बॅच तरी चालू ठेव. मुलीचं टायमिंग अडलेलं असेल, तर सकाळचीही गरज वाटत नाही. अंगानं भरलेल्या मुलीनं आता स्विमसूट घालून सगळ्यांसमोर का जावं, हे न बोललेलं वाक्यही त्याच सुमारास घरात फिरायला लागतं. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतल्या कामगिरीला बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत, त्यांच्यासाठी काही मुली टिकतात. मला त्यातही वावगं वाटत नाही. कशासाठी का होईना, टिकतात.

टिकण्याचं मोल मी वीरधवल खाडेंच्या आकड्यांवरून सांगते. कोल्हापूरचा हा मुलगा २००८ मध्ये, सतराही पूर्ण नसताना, बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला कांस्य मिळालं. आशियाई स्पर्धांमध्ये जलतरणातलं त्याआधीचं भारताचं पदक १९८६ चं होतं, खजान सिंग यांचं. पुढे तहसीलदाराची नोकरी आली, सराव मागे पडला. तक्त्याप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी होती. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, सव्वीस वर्षांच्या वीरधवलनं ५० मीटर फ्रीच्या हीटमध्ये २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. विशीच्या आतबाहेर असताना कधी आलं नव्हतं, ते टायमिंग तेव्हा आलं. फायनलमध्ये कांस्य ०.०१ सेकंदानं हुकलं. आणि २०२३ मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, त्यानं ५० मीटर फ्रीचं सुवर्ण जिंकून निवृत्ती घेतली. त्याच दिवशी स्त्रियांचं ५० मीटर फ्रीचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिनं जिंकलं. ज्या मुली पंधराव्या वर्षी तलाव सोडतात, त्यांना मी ऋजुताचं नाव मुद्दाम सांगते.

भाची आता सतरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचा १०० मीटर बॅकस्ट्रोक १ मिनिट ११ वर आला. राज्यात पदक नाही मिळालं, पाचवी आली. आता तिला २०० मीटर जास्त आवडतं आणि डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवरच्या समुद्री स्पर्धेला जायचंय म्हणते. "मावशी, तिथे लेन नसतात ना?" असं विचारत होती. तिच्या बॅचच्या इतर मुली आता पोहत नाहीत. त्यांच्यातली एक बाराव्या वर्षी हिच्यापेक्षा दोन सेकंदांनी पुढे होती.

संघटनेच्या बैठकीत मी तीन मागण्या मांडत असते, त्या इथेही मांडते. बारा वर्षांपुढच्या प्रत्येक मुलीची हंगामाच्या सुरुवातीला हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी आणि ती क्लबनं करवून घ्यावी. खर्च एका चांगल्या गॉगलपेक्षा कमी आहे. प्रत्येक तलावावर, प्रत्येक स्पर्धेला, मुलींना जिच्याशी बोलता येईल अशी एक तरी स्त्री कोच किंवा पदाधिकारी असावी, आणि तिचं नाव प्रवेशद्वारापाशी लिहिलेलं असावं. तिसरी मागणी, तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलींना शिबिरातून किंवा ए-बॅचमधून काढताना एका वर्षाच्या टायमिंगवर निर्णय घेऊ नये, दोन वर्षांच्या नोंदी पाहाव्यात. पहिली मागणी यंदा आमच्या जिल्ह्यातल्या दोन क्लबनी मान्य केली आहे. तिसरीवर अजून वाद चालू आहे.